ॲक्स किक फाईटमध्ये चालते का? अनुभव हवेत

शाहूपुरीकर

नमस्कार मंडळी,

साताऱ्यात संध्याकाळी मुलांचा तायक्वांदोचा वर्ग घेतो. इथे बरेच आजी-माजी खेळाडू आणि पालक आहेत, म्हणून हा धागा काढतोय.

माझ्याकडे आठवीतली एक मुलगी आहे. अंगानं काटकुळी, वयाच्या मानानं उंच, पाय लांब. तिची ॲक्स किक, म्हणजे पाय डोक्याच्या वर नेऊन टाच किंवा तळवा खाली उतरवायची किक, बघत राहावी अशी आहे. पॅडल (किक मारायची हातातली गादी) तिच्या डोक्याच्या वर धरलं तरी पाय सहज जातो आणि टाच बरोबर मधोमध उतरते. फट्ट आवाज हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला ऐकू येतो. पण फाईट लागली की हीच किक तिला महागात पडते. पाय वर गेला रे गेला की समोरची मुलगी चेस्ट गार्ड पुढे काढून आत घुसते. ही एका पायावर, तोल जातो, पडते. पडलं की गामजम, म्हणजे समोरचीला आयता एक पॉइंट.

ओळखीचे दोन-तीन सर म्हणतात, सोडून द्या तो नाद. पुढच्या पायाची कट किक (गुडघा उचलून पोटावर सरळ मारायची) आणि डोल्यो चागी (बाजूनं फिरवून मारायची), एवढ्यावर जिल्हा निघतो. निघतही असेल, पण मला हे पटत नाही. जी किक पोरीच्या अंगातच आहे ती काढून घ्यायची आणि सगळ्यांना एकाच साच्यात बसवायचं, याला शिकवणं म्हणत नाहीत. ॲक्स किक फाईटमध्ये चालते, ती कधी आणि कुठून मारायची हे आपण शिकवत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्यापैकी कुणी फाईटमध्ये ॲक्सनं पॉइंट काढलेत का? कसे? आत घुसणारीचं काय करायचं? आणि वर्गात सराव करताना ती जोरात मारू द्यावी का, हेही सांगा. टाच कॉलर बोनवर उतरली तर काय होतं हे मी जवळून पाहिलंय.

---

कृष्णाकाठ

चांगला विषय. वाचतोय.

---

विश्रामबाग_कराटे

सर, मी कराटेवाला, त्यामुळे थोडं वेगळं बोलणार.

आमच्याकडे डोक्याला लागलेल्या किकला इप्पोन, म्हणजे तीन पॉइंट. पोटाच्या किकला दोन, पंचला एक. कागदावर बघितलं तर ॲक्स किक सोन्याची. पण कराटेत कंट्रोल लागतो. मोठ्या गटात डोक्याला किकचा हलका स्पर्श चालतो, जोरात बसली की पॉइंट राहिला बाजूला, वॉर्निंग हातात. १४ खालच्या मुलांना तर डोक्याला लागलेलं चालतच नाही. मावाशी गेरी, म्हणजे तुमची डोल्यो चागी, शेवटच्या क्षणी गुडघ्यातून आवरता येते. ॲक्सचं तसं नाही. पाय वरून खाली निघाला की पायाचं वजनही त्याच दिशेनं ओढत असतं. तो हवेत थांबवायला कंबरेत आणि पोटात फार ताकद लागते, ती आठवीतल्या मुलांत नसते.

शिवाय कराटेत टेकलेला पाय झाडायची मुभा आहे. तुम्ही पाय डोक्यावर नेलात की समोरचा तुमचा उभा पाय उडवतो आणि पडल्यावर पंच मारून तीन पॉइंट घेतो. आमच्या सांगलीच्या पोरांनी हे इतक्यांदा केलंय की आता ॲक्स मारायला कुणी धजत नाही.

म्हणून माझं मत: लवचीकतेसाठी रोज मारा, फाईटमध्ये नको.

---

कराडची_लेक

शाहूपुरीकर सर, मी तायक्वांदोत राज्य पातळीपर्यंत खेळले आणि माझे डोक्याचे निम्मे पॉइंट तरी ॲक्सचे असतील. त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

कराटेवाले दादा म्हणतात ते त्यांच्या खेळात बरोबर आहे. आमच्यात कंबरेखाली मारता येत नाही, पाय झाडता येत नाही. म्हणजे उभा पाय सुरक्षित. हा फरक धरला की निम्मा वाद मिटतो.

आता तुमच्या मुलीचं. मला खात्री आहे की ती मागच्या पायानं मारत असणार. पॅडलवर सगळे मागच्या पायानंच मारतात, कारण आवाज मोठा येतो. पण मागचा पाय जमिनीवरून डोक्यापर्यंत यायला जो वेळ घेतो, तेवढ्यात समोरची आत येऊन उभी असते. फाईटची ॲक्स पुढच्या पायाची. मागचा पाय सरकून पुढच्याच्या टाचेपाशी येतो, त्याच वेळी पुढचा गुडघा वाकलेलाच वर उचलायचा, अगदी कट किकला उचलतो तसा. इथपर्यंत समोरचीला कळता कामा नये की काय येतंय. मग गुडघ्यातून पाय उलगडायचा, बाहेरच्या बाजूनं खांद्यावरून न्यायचा आणि तळवा कपाळाच्या रेषेत खाली ओढायचा.

त्याआधी मशागत करावी लागते. पहिल्या राउंडला त्याच पायानं पोटावर कट किक द्यायच्या. लागल्या तर दोन पॉइंट, नाही लागल्या तरी चालेल. समोरचीचा पुढचा हात खाली यायला लागतो, कोपर बरगडीला चिकटतं. ते कोपर खाली दिसलं की पुढच्या वेळी तोच गुडघा, तीच सुरुवात, पण पाय वर. मी फाईट खेळताना समोरचीच्या डोळ्यांकडे बघतच नव्हते, कोपराकडे बघायचे.

पाय हवेत धरून वाट बघत राहायचं नाही. तीन सेकंदांच्या वर पाय उचलून धरला की तोही गामजम.

---

कुंडलचा_पैलवान

आमच्यासमोर कुणी एवढा पाय उचलला तर आम्ही हात जोडून आभार मानू. एकेरी पट काढायला खाली वाकायचे कष्ट वाचले! 😄

पण खरं सांगतो, कराडच्या ताईंचं ते कोपराकडे बघायचं वाचून बरं वाटलं. आमचे वस्ताद पण हेच सांगायचे, तोंडाकडं बघू नको, कंबरेकडं बघ, माणूस तोंडानं फसवतो, कंबरेनं फसवू शकत नाही. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीत पदक घेऊन आले ते काय दांडग्या अंगाच्या जोरावर नाही, चपळाईवर. खेळ कुठलाही असो, समोरच्याचं अंग वाचता आलं पाहिजे.

---

जुना_ब्लॅकबेल्ट

ॲक्स किकचा धागा आणि अजून अँडी ह्यूगचं नाव कसं नाही आलं?

नव्या मुलांसाठी सांगतो. स्वित्झर्लंडचा खेळाडू, क्योकुशिन कराटेवाला. १९८७ च्या जागतिक स्पर्धेत फायनलला गेला, तिथे मात्सुईकडून हरला. पण त्याआधी जपानच्या बाहेरचं कुणी फायनलला पोचलंच नव्हतं. पुढे के-वन या किकबॉक्सिंग स्पर्धेत उतरला आणि १९९६ ची ग्रां प्री जिंकली. फार उंच नव्हता, समोर त्याच्यापेक्षा डोकंभर उंच हेवीवेट, आणि हा त्यांच्या डोक्यावर टाच उतरवायचा. २००० च्या ऑगस्टमध्ये ल्युकेमियानं टोकियोत गेला, पस्तिशीत. आम्ही त्याच्या फाईट व्हीडिओ कॅसेटवर बघितल्या आहेत, एकाच्या घरी व्हीसीआर, बाकी सगळे खाली सतरंजीवर. एक किक मागे घेऊन घेऊन इतकी पाहिली की टेप त्या जागी खराब झाली.

म्हणजे चालत नाही म्हणणाऱ्यांनी आधी ह्यूग बघावा.

---

विश्रामबाग_कराटे

@जुना_ब्लॅकबेल्ट, ह्यूगबद्दल आदर आहेच. पण त्याचं उदाहरण देऊन मुलांना पाय वर उचलायला लावणं बरोबर नाही.

क्योकुशिनमध्ये हातानं तोंडावर मारायला बंदी. त्यामुळे दोघं छातीला छाती लावून उभे, हात पोट-बरगड्यांच्या मारामारीत गुंतलेले, डोकं उघडं. तिथे वरून येणारी टाच दिसतच नाही. के-वनमध्ये ग्लोव्ह्ज आले, तोंडावर पंच आले आणि तीच किक मारणं किती तरी अवघड झालं. आणि ९६ ची फायनल त्यानं कशानं संपवली? ॲक्सनं नाही. गर्रकन फिरून मांडीवर टाच मारली आणि समोरचा बर्नार्डो खाली. म्हणजे खुद्द ह्यूगलाही ठाऊक होतं की ॲक्सची भीती दाखवायची आणि काम दुसरीकडे करायचं.

---

जुना_ब्लॅकबेल्ट

अहो मग हेच तर मी म्हणतोय! समोरच्यानं वर बघितलं म्हणून खाली जागा झाली. ॲक्स लागलीच पाहिजे असं कुठाय? ती येऊ शकते एवढी धास्ती समोरच्याच्या मनात असली तरी तिचं काम झालं. पण धास्ती बसायला ती अधूनमधून खरोखर लागावी लागते, रोज नुसती लवचीकतेसाठी मारून कोण घाबरणार?

---

विश्रामबाग_कराटे

हे मान्य.

---

आई_मिरजेची

मी खेळाडू नाही, पण माझी मुलगी चार वर्षं तायक्वांदो शिकते आहे म्हणून लिहिते.

सगळे किकबद्दल बोलताय, ती किक यायला मुलांकडून जे करून घेतात त्याबद्दल पण बोला. मुलगी सातवीत असताना आधीच्या वर्गात (नाव घेत नाही) स्प्लिट पुरता बसत नाही म्हणून पाठीवर मोठ्या मुलांना दाबायला लावायचे. ती रडायची, तर "रडल्याशिवाय पाय उघडत नाही" हे उत्तर. एकदा ॲक्स मारताना मांडीच्या मागे वरच्या बाजूला कट्‌ असा आवाज झाला. घरी आली ती एका कुशीवर टेकूनच बसली, दोन्ही बाजूंनी बसवेना. वर्गात सांगितलं तर म्हणाले, शिरेवर शीर चढली असेल, गरम पाण्यानं शेका. डॉक्टरांनी एक्सरे काढला तेव्हा कळलं की हाडाचा कोपरा निघालाय. मुलीचे कित्येक महिने गेले. आता दुसरीकडे जाते, तिथले सर समजूतदार आहेत.

शाहूपुरीकर सर, तुमच्या मुलीची किक सुंदर आहे म्हणता. तिचं असं काही होऊ देऊ नका.

---

फिजिओताई

आई_मिरजेची, मुलगी आता पूर्ण बरी आहे ना? तुम्ही एक्सरे काढून घेतलात हे फार चांगलं केलंत.

बाकीच्यांसाठी सांगते. आपण बसतो तेव्हा खुर्चीला टेकणारं हाड असतं, हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, तिथून सुरू होतो. वाढीच्या वयात त्या हाडाचा टोकाचा भाग मूळ हाडाशी पक्का जुळलेला नसतो, मध्ये कूर्चा असते. विशीच्या आसपास तो पूर्ण जुळतो. मोठ्या माणसात जिथे स्नायू ताणला जातो, तिथे मुलांत स्नायू टिकतो आणि हाडाचा तुकडाच सुटतो. पाय सरळ ठेवून झटक्यात वर नेणं हे त्याचं ठरलेलं कारण आहे. ॲक्स किक, उंच उडी, धावायच्या शर्यतीची सुरुवात, सगळीकडे दिसतं.

आवाज झाला, बसताना नितंबाखाली दुखतंय, चालताना पाऊल आखूड पडतंय, तर शेक-मालिश काही करू नका. आधी हाडाच्या डॉक्टरांना दाखवा.

तयारीचं म्हणाल तर दाबून केलेला स्प्लिट ॲक्स किकला फारसा उपयोगाचा नाही. पाय वर न्यायला मांडीच्या पुढचे आणि कंबरेचे स्नायू लागतात, खाली ओढायला नितंब आणि हॅमस्ट्रिंग. म्हणजे हॅमस्ट्रिंग लांब पण व्हायला हवा आणि त्या लांबीत ताकदवान पण. त्यासाठी:

आधी घाम येईपर्यंत वॉर्मअप, मग पाय हेलकावत हळूहळू उंची वाढवणं. भिंतीला हात टेकून, पहिले झोके कंबरेपर्यंतच. पाठ सरळ ठेवून कंबरेतून वाकून वजन उचलायचा व्यायाम, मुलांना हलक्या वजनानं किंवा नुसत्या काठीनं. पूल, म्हणजे पाठीवर झोपून कंबर उचलणं, आधी दोन पायांवर, मग एका. थांबून धरायचं स्ट्रेचिंग सरावाच्या शेवटी.

आणि मुलगी भराभर उंच होत असेल त्या काळात किकची संख्या कमी ठेवा. हाडं आधी वाढतात, स्नायू मागून येतात. आठवीतली उंच मुलगी म्हणजे नेमकं तेच वय.

---

यवतेश्वर_घाट

फिजिओताई, एक शंका. आम्ही काही जण पहाटे यवतेश्वरचा घाट पळतो आणि संध्याकाळी किकबॉक्सिंग. संध्याकाळी पाय छातीच्या वर जातच नाही. पळणं सोडावं का?

---

फिजिओताई

सोडू नका. घाट चढल्यावर हॅमस्ट्रिंग आणि पोटऱ्या थकलेल्या असतात, त्याच दिवशी उंच किकचा हट्ट धरू नका. चढाच्या दिवशी हाताचं काम आणि फूटवर्क घ्या, उंच किक दुसऱ्या दिवशी.

---

यवतेश्वर_घाट

धन्यवाद. घाट उतरून राजवाड्यावर कंदी पेढे खाल्ले तर पाय वर जाईल का, हा पुढचा प्रश्न होता, पण आता विचारत नाही. 😄

---

माणदेशी

किकबॉक्सिंगचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. आमच्याकडे पॉइंट फाईटिंगमध्ये ॲक्स किकला परवानगी आहे, पण तळव्यानं. टाच वापरायची नाही. वाको या किकबॉक्सिंगच्या जागतिक संघटनेच्या नियमात तसं लिहिलंय. शाहूपुरीकरांनी वर्गात जोरात मारू द्यावी का विचारलंय त्याचं उत्तर यातच आहे. पाऊल ताणून ठेवलं, बोटं पुढे, की समोरच्याला तळवा लागतो. पाऊल घोट्यात आखडून धरलं की टाचेचं हाड लागतं. किक तीच, फरक फक्त घोट्यात. पहिल्या दिवसापासून पोरांना पाऊल ताणायला शिकवलं तर नंतर वेगळं सांगावं लागत नाही.

आमच्या दुष्काळी भागात मॅट नसायची तेव्हा शाळेच्या मैदानात मातीवर पाय उचलायचो, खडे टोचायचे. आता तालुक्याला मॅट आली, पोरं आमच्यापेक्षा उंच पाय उचलतात. बघून बरं वाटतं.

---

कृष्णाकाठ

मॅटवरून आठवलं. पावसाळ्यात साताऱ्यात मॅट वाळतात कशा? आमच्याकडे सांगलीत ऊन तरी पडतं मधे मधे.

---

शाहूपुरीकर

वाळत नाहीत हो. जुलैत सकाळी उचलून भिंतीला उभ्या करतो, पंखे लावतो, सराव सुरू व्हायच्या आधी कोरड्या फडक्यानं पुसतो. तरी खालून ओल धरतेच. ॲक्स किकच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे, उभा पाय ओल्या मॅटवर सरकला तर सगळं वजन मांडीच्या मागच्या शिरांवर येतं. त्या महिन्यात उंच किक मी भिंतीचा आधार घेऊनच करून घेतो.

बाकी सगळ्यांचे मनापासून आभार. आई_मिरजेची, तुमचा प्रतिसाद वाचून रात्री झोप लागली नाही. माझ्या वर्गात पाठीवर दाबणं कधीच होत नाही आणि होणार नाही.

@कराडची_लेक, ताई, तुमचा अंदाज बरोबर. ती मागच्याच पायानं मारते. एक विचारायचं होतं, समोरची घुसून ढकलते तेव्हा गामजम आमच्या मुलीलाच का? ढकलणं तर तिनं केलं.

---

कराडची_लेक

सर, तिथे हात बघायचे. समोरची हातानं ढकलून किक अडवत असेल, म्हणजे किक चालू असताना हात लावून ढकलत असेल, तर गामजम तिला मिळायला हवा. पण ती नुसती छाती पुढे करून आत आली आणि तुमची मुलगी स्वतःच्या तोलानं पडली, तर पडलीचा दंड हिला. रेफ्रीला त्या क्षणात दोन्ही दिसतं असं नाही. मोठ्या स्पर्धेत कोचला रिप्लेचं कार्ड असतं, तालुका-जिल्ह्याला कुठलं कार्ड! आणि एका राउंडमध्ये पाच गामजम झाले की राउंडच गेला, तेव्हा पडणं परवडत नाही.

अजून एक, तुमची स्पर्धा गार्डमधल्या सेन्सरवर असते का जजच्या हातातल्या बटणावर? यावर सगळं ठरतं. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला चेस्ट गार्ड इलेक्ट्रॉनिक होते, पण डोक्याचे पॉइंट पंच (जज) देत होते. २०१६ ला रिओत हेड गार्डही इलेक्ट्रॉनिक आले. तेव्हापासून डोक्याला हलका स्पर्श झाला तरी तीन पॉइंट पडतात आणि ॲक्स परत जोरात आली. क्लिंचमध्ये, म्हणजे अंगाला अंग भिडून, अडकलेल्या मुली थोडी जागा करून खांद्यावरून पाय टाकतात, कानाच्या बाजूला तळवा टेकला की बोर्ड वाजला. माझ्या वेळी असा पाय टाकला तर पंच बघायचेसुद्धा नाहीत. बटणावरची स्पर्धा असेल तर किक दिसली पाहिजे, ऐकू आली पाहिजे. तिथे ती समोरून, कपाळावर, पंचाच्या नजरेच्या रेषेत मारायची.

---

शाहूपुरीकर

शाळेच्या तालुका स्पर्धा बटणावर, पुढे सेन्सर.

---

पालक_कोरेगाव

मधेच लिहितो, क्षमस्व. हे सगळं छान आहे, पण आमच्यासारख्या पालकांचं एकच म्हणणं असतं, मुलगा राज्यापर्यंत गेला तर दहावीला क्रीडा गुण मिळतात. त्यासाठी सोपे पॉइंट घेतले तर काय बिघडलं? पोटाच्या किकला दोन, डोक्याच्या किकला तीन. एका पॉइंटसाठी एवढा धोका का पत्करायचा?

---

शाहूपुरीकर

पालक_कोरेगाव, गुणांची गरज मला समजते, माझ्या वर्गातल्या अर्ध्या घरांत तीच बोलणी असतात. पण साहेब, मुलगा दहावीनंतर सोडून देणार असेल तरी ती तीन-चार वर्षं त्यानं कशासाठी घाम गाळला हे त्याला कळायला हवं. सगळी मुलं पुढचा पाय उचलून एकमेकांना ढुशा देत उभी राहतात, दोन मिनिटांचा राउंड तसाच संपतो आणि बाहेरून आईवडील "पोटावर मार, पोटावर" ओरडतात. त्यात मुलगा शिकतो काय? मला ती मुलगी जिंकायला हवीच आहे. पण तिच्या पायानं जिंकायला हवी आहे.

---

कराडची_लेक

सर, १०० टक्के सहमत.

आणि पालक_कोरेगाव, हिशेबही तेवढा सोपा नाही. पोटाची किक सगळ्यांना येते म्हणून तिचा बचावही सगळ्यांना येतो. डोक्यावर उतरणारी किक ज्या मुलीकडे आहे तिच्याविरुद्ध समोरची हात वर घेते, मग पोट मोकळं होतं आणि ते दोन पॉइंट पण सोपे होतात. जुना_ब्लॅकबेल्ट म्हणाले तेच.

---

जुना_ब्लॅकबेल्ट

🙏

---

शाहूपुरीकर

मंडळी, थोडी प्रगती सांगतो.

ताईंनी सांगितल्याप्रमाणे पुढच्या पायावर आणलं. आधी नुसता सरकता पाय आणि गुडघा, वर काही नाही. मग कट किक, कट किक, ॲक्स. माणदेशींचं ऐकून पाऊल ताणलेलं. संख्या फिजिओताईंनी सांगितल्याप्रमाणे कमी, आठवड्यातून दोनदाच, तेही अंग पूर्ण गरम झाल्यावर. पॅडल मी मुद्दाम बाजूला ठेवलं, कारण पॅडल लागलं की ती परत जोर काढायला मागचा पाय आणते.

वर्गातल्या फाईटमध्ये तिच्यापेक्षा वजनानं जास्त असलेल्या एका मुलाच्या हेड गार्डवर तळवा असा अलगद टेकला की त्याला कळलंच नाही, बाकीची पोरं ओरडली तेव्हा कळलं. तिचा चेहरा बघायला हवा होता.

पण अडचण उरलीच आहे. किक लागली किंवा चुकली, पाय खाली येतो तेव्हा ती सरळ उभी असते, हात मांडीशी. त्या क्षणी समोरचा आत येतो आणि ती मागे जाते. दोनदा मॅटच्या रेषेबाहेर गेली. म्हणजे तिथेही गामजम.

---

कराडची_लेक

हे होणारच होतं, छान चाललंय.

पाय वर जाताना आपोआप हात खाली जातात, अंग मागे कलतं. मागे कललं की पाय उंच जातो असं मुलांना वाटतं, म्हणून सगळे कलतात. तिला सांगा, पाय जेवढा वर जातो तेवढाच जाऊ दे, पण हनुवटी पुढे. उभ्या पायाची टाच जमिनीवरून जराशी उचललेली, पाऊल थोडं बाहेर वळलेलं, म्हणजे कंबर मोकळी होते आणि मागे कलावं लागत नाही. पाय खाली आणायचा तो स्वतःच्या पायाशी नाही, समोरचीच्या दोन पायांच्या मधे. तिथे पाय पडला की वजन पुढे आलेलं असतं. त्याच वेळी दोन्ही हात मुठी बांधून समोरचीच्या चेस्ट गार्डवर. आता ती घुसणार कुठे, तुम्हीच घुसलेल्या आहात. क्लिंच झाला. तिथून पाठीमागे अर्धं पाऊल घेऊन परत तोच पाय वर, किंवा सरळ डोल्यो.

क्लिंचमध्ये गुडघा बाहेर काढून पायाच्या कडेनं चेस्ट गार्डवर थापट्या मारायची सवय लावू नका, बरीच मुलं ते करतात, त्यालाही गामजम आहे.

याचा सराव असा घ्या: एक मुलगा चेस्ट गार्ड घालून मुद्दाम फक्त आत घुसणार, मारणार काही नाही. ही किक मारून प्रत्येक वेळी पुढे उतरणार. किक लागली का नाही हे मोजूच नका, पाय कुठे पडला तेवढंच बघा. पायाच्या जागी खडूनं फुली मारली तरी चालेल.

---

विश्रामबाग_कराटे

पुढे उतरण्याचा हा सराव आमच्या पोरांकडून पण करून घेणार. पाय झाडणाऱ्यावर पण हा उपाय चालेल असं वाटतंय, कारण किक मारून जागेवर उभं राहिलं तरच तो पाय उडवतो. पुढे उतरलं तर त्याच्या पायाला अंतरच मिळत नाही. करून बघतो आणि कळवतो.

---

आई_मिरजेची

फिजिओताई, मुलगी आता बरी आहे, विचारलंत म्हणून सांगते. धावते, फाईट खेळते. फक्त ॲक्स मारायला घाबरते अजून. हा धागा तिला वाचायला दिला. कमरेपर्यंतच्या झोक्यांपासून सुरुवात करते म्हणाली.

---

फिजिओताई

उत्तम. दुखलं नाही तर दर आठवड्याला थोडी उंची वाढवू दे. घाई तिला करू देऊ नका, तुम्हीही करू नका.

---

शाहूपुरीकर

ताई, खडूची फुली उद्यापासून. एक विनंती, रविवारी सकाळी सातला कराडहून येणं जमेल का? मुलांनी तुमची ॲक्स प्रत्यक्ष बघितली तर मी महिनाभर सांगून जे होणार नाही ते एका सकाळी होईल. विश्रामबागवाले, तुम्हीही पोरांना घेऊन या, मॅट मोठी आहे.

---

कराडची_लेक

येते. सहाच्या एसटीनं निघते, थोडा उशीर झाला तर वॉर्मअप चालू ठेवा. हेड गार्ड माझ्या मापाचं असेल का? नसेल तर माझं आणते. आणि त्या मुलीला आदल्या दिवशी उंच किक मारू देऊ नका.

---

विश्रामबाग_कराटे

आम्ही पाच-सहा जण येतोय. भडंग आणतो.